प्रशिक्षणाला कोण बसते आणि काम कोण करते? ग्रामीण व कृषी प्रशिक्षणातील लिंगभाव विश्लेषण



तुम्ही अभियांत्रिकीचे, कृषीचे, समाजकार्याचे किंवा वाणिज्याचे विद्यार्थी असा, पदवीच्या काळात कधी ना कधी तुम्हाला गावात जाऊन काहीतरी शिकवावे लागते. कधी एनएसएसचे शिबिर असते, कधी उन्नत भारत अभियानातला प्रकल्प, तर कधी कृषी विज्ञान केंद्राबरोबरचे प्रात्यक्षिक. अशा प्रशिक्षणाची तयारी करताना आपण यंत्र, तक्ते, सभागृह आणि चहा यांचा विचार करतो. शिकवलेले काम प्रत्यक्षात कोण करते, हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. हा प्रश्न आणि त्याला जोडून येणारे इतर प्रश्न पद्धतशीरपणे विचारणे, याला लिंगभाव विश्लेषण म्हणतात.

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील तीन गोष्टी करता आल्या पाहिजेत:
(अ) लिंग आणि लिंगभाव यांतला फरक सांगणे.
(आ) एखाद्या शेतीकामाचे चार प्रश्नांच्या आधारे विश्लेषण करणे.
(इ) त्या विश्लेषणावरून प्रशिक्षणाचा आराखडा बदलणे.

१. एक फसलेले प्रशिक्षण

सुरुवात आमच्याच चुकीपासून करू. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवते. आमचे महाविद्यालय पूर्व विदर्भात, धानाच्या पट्ट्यात आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी कोनोवीडर या अवजारात सुधारणा केली. कोनोवीडर म्हणजे शंकूच्या आकाराची दोन दातेरी चाके असलेले, उभ्याने ढकलत चालवायचे निंदणीचे अवजार. ते धानाच्या दोन ओळींमधले तण उपटून चिखलात गाडते. मुलांनी त्याचे वजन कमी केले, चाके सहज फिरतील अशी केली आणि मूठ बदलली. महाविद्यालयामागच्या बांधीत चाचणी घेतली, ती उत्तम झाली.

पावसाळ्याआधी एका गावात ग्रामपंचायतीच्या सभागृहात सकाळी अकरा वाजता आम्ही प्रशिक्षण ठेवले. सभागृह भरले. गावातले शेतकरी आले, त्यांनी प्रश्न विचारले, अवजार हातात घेऊन पाहिले. दोन-तीन बायका दाराशी थोडा वेळ थांबून निघून गेल्या. काही अवजारे आम्ही गावात ठेवली आणि अहवालात प्रशिक्षण यशस्वी झाल्याचे लिहिले.

निंदणीच्या दिवसांत आम्ही परत गेलो, तेव्हा अवजारे कोठ्यात भिंतीला टेकून उभी होती. बांधीत बायांची टोळी कमरेत वाकून हातानेच तण काढत होती. "अवजार का वापरत नाही?" असे मी एका वयस्क बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "आमाले कोनी सांगतलंच नाही म्याडम."

त्यानंतर तासभर बांधावर बसून आम्ही ऐकून घेतले. त्यातून चार गोष्टी कळल्या.

पहिली : त्या गावात निंदणी बायाच करतात. आम्ही मात्र ती न करणाऱ्यांना शिकवले होते.

दुसरी : कोनोवीडर चालायला धानाच्या ओळी सरळ हव्यात. रोवणीही बायाच करतात आणि ती एकराच्या ठेक्याने होते. दोरी धरून ओळीत रोवायला जास्त वेळ लागतो, पण एकराचे पैसे तेवढेच मिळतात. म्हणजे आमची पद्धत पाळली की त्यांची दिवसाची कमाई घटणार होती. त्यामुळे त्यांनी नेहमीसारखीच रोवणी केली आणि अवजाराला चालायला ओळच उरली नाही.

तिसरी : मूठ आमच्या वसतिगृहातल्या मुलांच्या उंचीप्रमाणे बसवलेली होती. बाईला ती छातीजवळ येत होती, त्यामुळे जोर लावता येत नव्हता.

चौथी : अवजारे जमीनमालकांच्या घरी होती. मजुरीने येणारी बाई ती मागून आणणार नव्हती. आणि अवजाराने काम लवकर उरकले, तर तिचे मजुरीचे दिवसही कमी होणार होते.

ही यंत्रातली चूक नव्हती, यंत्र चांगले होते. मी स्वतः बाई असूनही मला हे आधी दिसले नाही, म्हणून ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगते. प्रशिक्षक स्त्री असली की लिंगभावाचा विचार आपोआप होतो, असे नाही. ती एक पद्धत आहे आणि ती शिकावी लागते.

२. लिंग आणि लिंगभाव

लिंग ही शरीराची बाब आहे, तर लिंगभाव समाजाने ठरवलेला असतो. मूल जन्माला घालणे स्त्रीच्या शरीराशी जोडलेले आहे, पण नांगर पुरुषाने धरायचा आणि रोवणी बाईने करायची, हे शरीराने ठरवलेले नाही. रोवणीत दिवसभर चिखलात वाकून राहावे लागते, त्यामुळे ते काम हलके आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. देशाच्या अनेक भागांत बाईने नांगराला हात लावू नये, असा समज आहे. तीच बाई डोक्यावरून पाण्याचे हंडे वाहते. तेव्हा हा प्रश्न ताकदीचा नसून रीतीचा आहे.

रीत प्रदेशाप्रमाणे, जातीप्रमाणे आणि पिकाप्रमाणे बदलते. म्हणूनच "बायका काय करतात हे आम्हाला ठाऊक आहे" असे समजून चालत नाही. प्रत्येक गावात नव्याने विचारावे लागते.

एस्टर बोसरप या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७० साली आर्थिक विकासातील स्त्रियांच्या भूमिकेवर पुस्तक लिहिले. आफ्रिकेच्या मोठ्या भागात शेती स्त्रिया करत असताना नवे तंत्र आणि नवी पिके मात्र पुरुषांना शिकवली गेली, त्यामुळे दोघांच्या उत्पादकतेतले अंतर वाढत गेले, असे त्यांनी दाखवून दिले. विकासाचे लाभ घरात आपोआप सारखे वाटले जातात, या समजुतीला त्या पुस्तकाने धक्का दिला. आमच्या सभागृहातही लहान प्रमाणावर तेच घडले होते.

३. आकडे काय सांगतात

भारतातील तीन आकडे शेजारी ठेवून पाहा.

पहिला : नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२२-२३ मध्ये ग्रामीण भागातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७६ टक्के स्त्रिया शेतीत होत्या. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४९ टक्के होते.

दुसरा : २०१५-१६ च्या कृषी गणनेत शेतजमीन कसणाऱ्या खातेदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. त्याआधीच्या, २०१०-११ च्या गणनेत ते सुमारे १३ टक्के होते.

तिसरा : २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. शिवाय स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के अशी कामे करत होत्या, तर पुरुषांपैकी सुमारे २६ टक्केच.

या तिन्ही आकड्यांचा प्रशिक्षणाशी थेट संबंध आहे. पहिला आकडा कामाचा आहे, दुसरा नावाचा आणि तिसरा वेळेचा. शेतकरी म्हणून निमंत्रण, अनुदान किंवा कर्ज देताना आपण बहुतेक वेळा जमिनीचा कागद पाहतो. महाराष्ट्रात त्याला सातबारा म्हणतात. उत्तर प्रदेशात खतौनी, पंजाबात जमाबंदी, तमिळनाडूत पट्टा अशी त्याची नावे आहेत. कागदावर नाव नसलेली बाई यादीत येत नाही. आणि यादीत आली, तरी सकाळी अकराला तिला वेळ असेलच असे नाही.

कायद्याने चित्र काही प्रमाणात बदलले आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. राष्ट्रीय शेतकरी धोरण, २००७ मध्ये 'शेतकरी' या शब्दाची व्याख्या व्यापक करून त्यात शेतमजूर, कुळे आणि बटाईदारही घेतले. महाराष्ट्रात त्याआधीच शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली होती. शेतकऱ्याने आपली काही जमीन बायकोच्या नावावर करून द्यावी, असे आवाहन त्या मोहिमेत होते. तरीही कायदा आणि प्रत्यक्ष नोंद यांत अंतर आहे. प्रशिक्षण आखणाऱ्याने कागदावर विसंबून न राहता बांधावर जाऊन पाहिले पाहिजे.

४. विश्लेषणाचे चार प्रश्न

या विषयातला सर्वांत जास्त शिकवला जाणारा आराखडा हार्वर्ड आराखडा म्हणून ओळखला जातो. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्याचा गाभा पुढील चार प्रश्नांत मांडता येतो.

प्रश्न १ : कोण, काय, केव्हा आणि कुठे करते? पिकाचे सगळे टप्पे एका कागदावर लिहा. धानाचे उदाहरण घेतले तर पऱ्हे टाकणे, चिखलणी, रोवणी, निंदणी, खत, फवारणी, कापणी, मळणी, साठवण आणि विक्री हे टप्पे येतील. प्रत्येकासमोर बाई, पुरुष, मुलगी, मुलगा यांपैकी कोण, घरचे की मजुरीचे, हे लिहा. त्याच कागदावर पाणी, सरपण, स्वयंपाक, गोठा आणि आजारी माणसाची सेवा हेही लिहा. ही कामे सोडली, तर दिवसाचे चित्र पूर्ण होत नाही.

प्रश्न २ : साधने कोणाला वापरायला मिळतात आणि ती कोणाच्या ताब्यात असतात? वापर आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाई म्हशीची धार काढते, चारा घालते, पण म्हैस विकायची की नाही हे कोण ठरवते? जमीन, पाणी, अवजार, मोबाइल, बँक खाते आणि प्रशिक्षण अशा प्रत्येक साधनाला हा प्रश्न लावा.

प्रश्न ३ : फायदा कोणाला मिळतो? दुधाचे पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात? वाचलेला वेळ कोणाचा, आणि बुडालेली मजुरी कोणाची?

प्रश्न ४ : हे असे का आहे आणि ते कशाने बदलते? रीत, कायदा, बाजारभाव, स्थलांतर आणि शाळा यांचा त्यावर परिणाम होतो. गावातले पुरुष कामासाठी शहरात गेले, की फवारणी आणि विक्रीही बायांकडे येते. मागच्या पाच वर्षांत काय बदलले, हे मुद्दाम विचारा.

याला कॅरोलाइन मोझर यांच्या मांडणीची जोड द्यावी. स्त्रिया तीन प्रकारची कामे करतात, असे त्या सांगतात : उत्पादनाची, घर चालवण्याची आणि गावाच्या सामाईक व्यवहाराची. गरजाही त्यांनी दोन प्रकारच्या मानल्या. बाईचे आजचे काम सोपे करणारी ती व्यावहारिक गरज. घरातील आणि गावातील तिचे स्थान बदलणारी ती धोरणात्मक गरज. योग्य मापाचा विळा ही व्यावहारिक गरज झाली. कोणते पीक घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार ही धोरणात्मक गरज झाली.

मराठवाड्यातील स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचे काम या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. तेथे स्त्रियांना घरच्या जमिनीतील एखादा एकर, काही वेळा अर्धाच, स्वतःच्या निर्णयाने कसण्यासाठी घरच्यांशी बोलणी करायला प्रोत्साहन दिले जाते. त्या तुकड्यात कमी पाण्यावर येणारी, घरात खायला लागणारी पिके घेतली जातात. सेंद्रिय खताचे प्रशिक्षण ही व्यावहारिक बाजू आहे. एका एकराचा निर्णय हाती येणे ही धोरणात्मक बाजू आहे. चांगल्या प्रशिक्षणात या दोन्ही बाजू एकत्र असतात.

५. प्रशिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यात काय बदलायचे

अनेक कार्यक्रमांत शेवटच्या दिवशी 'महिला व विकास' असे तासाभराचे व्याख्यान ठेवले जाते आणि लिंगभावाचा विषय झाला, असे मानले जाते. असे करू नका. लिंगभाव विश्लेषण हे प्रशिक्षणातले वेगळे प्रकरण नाही. त्याचा परिणाम प्रत्येक टप्प्यावर दिसला पाहिजे.

गरज ठरवताना : सरपंच आणि कृषी सहायकांशी बोलाच, पण बायांशी वेगळे बसून बोला. मिश्र सभेत सासरा किंवा दीर बसला असेल, तर सून बोलत नाही.

निवड करताना : सातबाऱ्यावरचे नाव ही अट ठेवू नका. प्रश्न १ मध्ये ज्यांची नावे आली, त्यांना बोलवा. केंद्राच्या आत्मा योजनेत किमान ३० टक्के साधने शेतकरी स्त्रियांवरील कार्यक्रमांसाठी वापरण्याची तरतूद आहे. मात्र हजेरीपटावर ३० टक्के सह्या आणि अंगठे मिळाले म्हणजे काम झाले, असे नाही.

वेळ आणि ठिकाण ठरवताना : आधी दिवसाचे घड्याळ काढा, म्हणजे पहाटेपासून झोपेपर्यंत कोण काय करते याची नोंद करा. मग हंगाम पाहा. जागा जवळची हवी आणि लहान मुलांची सोय हवी. ज्या वस्तीतल्या बायकांना पंचायतीच्या सभागृहात यायला अवघड वाटते, त्यांच्यासाठी वस्तीतच बसा.

शिकवताना : अक्षर येत नाही म्हणजे शिकता येत नाही, हा समज सोडा. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजमध्ये फारशा न शिकलेल्या स्त्रिया रंगांच्या खुणा आणि हातवारे यांच्या आधारे सौर दिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकतात. उत्तर प्रदेशच्या बांदा जिल्ह्यात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ग्रामीण स्त्रियांनी हातपंपदुरुस्तीचे प्रशिक्षण घेतले आणि पुढे ते काम केले. पाणी भरणाऱ्या व्यक्तीलाच पंप दुरुस्त करता यावा, हे सरळ तर्काला धरून आहे.

अवजार बनवताना : अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. भारतातील शेतात काम करणाऱ्या स्त्रीची सरासरी उंची पुरुषापेक्षा दहा सेंटिमीटरहून अधिक कमी आहे. हाताची पकड आणि ढकलण्याची ताकद यांतही फरक आहे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या समन्वयाने देशभरातील शेतकामगारांची शरीरमापे घेतली गेली आहेत. भुवनेश्वरला १९९६ पासून शेतकरी स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्वतंत्र संस्था आहे. आराखडा काढण्याआधी ही माहिती पाहा आणि चाचणी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून करून घ्या.

मूल्यमापन करताना : 'किती जण आले' हा आकडा पुरेसा नाही. एका हंगामानंतर पुन्हा जा. किती जण ते तंत्र वापरतात, वेळ कोणाचा वाचला, पैसे कोणाकडे गेले आणि कोणाचे नुकसान झाले, हे विचारा. उत्तरांची नोंद स्त्रिया आणि पुरुष अशी वेगळी ठेवा.

६. दुसऱ्या वर्षी आम्ही काय केले

कोनोवीडरकडे परत येऊ. पुढच्या वर्षी आम्ही रोवणीच्या बऱ्याच आधी, उन्हाळ्यात गेलो. बायांच्या टोळ्यांबरोबर दुपारी त्यांच्याच वस्तीत झाडाखाली बसलो. मूठ खालीवर करता येईल अशी केली आणि अवजार त्यांच्याकडून चालवून घेतले. त्यांनी सांगितलेले दोन बदल आमच्या आराखड्यात नव्हते.

मग जमीनमालकांची वेगळी बैठक घेतली. त्यात विषय यंत्राचा नव्हता, मजुरीचा होता. ओळीत रोवणीसाठी एकरी दर वाढवायला काही जण तयार झाले, काहींनी नकार दिला. तयार झालेल्यांच्या बांधीत त्या वर्षी ओळी दिसल्या आणि अवजारही चालले. एक अवजार बचत गटाकडे ठेवले आणि गटाने ते भाड्याने द्यायला सुरुवात केली.

सगळे सुटले, असे मी म्हणणार नाही. निंदणीची मजुरी कमी होण्याचा प्रश्न उरलाच. ज्या टोळीकडे अवजार होते, तिने एकराचा ठेका घेऊन तो काही प्रमाणात सोडवला. ज्यांच्याकडे नव्हते, त्यांचे दिवस कमी झाले. हे आम्ही अहवालात लिहिले. पहिल्या वर्षीच्या अहवालापेक्षा तो कमी चमकदार होता, पण जास्त खरा होता.

७. तीन सावधगिरीच्या सूचना

पहिली : 'गावातली बाई' अशी एकच बाई नसते. जमीनमालकाच्या घरातली बाई आणि तिच्या बांधीत मजुरीला येणारी बाई यांचे हित एकाच यंत्राबाबत वेगळे असू शकते. विधवा, एकटी, दलित किंवा आदिवासी स्त्री यांच्या अडचणी वेगळ्या असतात. लिंगभावाबरोबर जात, जमीन आणि वय हेही पाहा.

दुसरी : प्रशिक्षणाने बाईच्या कामात नुसती भर पडत नाही ना, हे तपासा. गांडूळखत, परसबाग, बचत गट, बैठका हे सगळे उपयुक्त आहे, पण दिवसाचे तास तेवढेच आहेत. एक नवे काम देताना कोणते जुने काम कमी होणार, हे विचारा.

तिसरी : पुरुषांना वगळू नका. घरातला निर्णय बदलायचा असेल, तर निर्णय घेणाऱ्यांशीही बोलावे लागते. मजुरीच्या दराचा प्रश्न आम्ही फक्त बायांशी बोलून सोडवू शकलो नसतो.

सारांश

काम, ताबा आणि फायदा या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती असतील, असे गृहीत धरून आखलेले प्रशिक्षण चुकीच्या माणसापर्यंत पोहोचते. कोण काय करते, साधने कोणाकडे आहेत, फायदा कोणाला होतो आणि हे कशाने बदलते, हे चार प्रश्न प्रशिक्षणाआधी विचारा आणि एका हंगामानंतर पुन्हा विचारा.

स्वाध्याय

१. तुमच्या भागातले एक पीक निवडा. त्याचे सर्व टप्पे लिहून प्रत्येकासमोर कोण काम करते हे प्रत्यक्ष विचारून भरा. आधी स्वतःच्या अंदाजाने एक तक्ता भरा आणि मग दोन्ही तक्ते ताडून पाहा.

२. तुमच्या घरातील एका स्त्रीचे आणि एका पुरुषाचे कालच्या दिवसाचे घड्याळ काढा. दोघांना सलग दोन तास प्रशिक्षणाला बसता येईल, अशी वेळ सापडते का?

३. नमो ड्रोन दीदी योजनेला केंद्र सरकारने २०२३ च्या अखेरीस मंजुरी दिली. तिच्यात निवडक बचत गटांना फवारणीसाठी ड्रोन आणि गटातील एका सदस्येला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या योजनेला चारही प्रश्न लावा. ड्रोन आणि बॅटरी शेतापर्यंत कोण नेईल? फवारणीचे दर कोण ठरवेल? पैसे कोणाच्या खात्यात जातील? याआधी फवारणी करून मजुरी मिळवणाऱ्यांचे काय होईल?

४. तुमच्या महाविद्यालयाने गावात घेतलेल्या एखाद्या प्रशिक्षणाचा अहवाल मिळवा. त्यातून कोणत्या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, त्यांची यादी करा. जमल्यास ती यादी घेऊन त्या गावात जा आणि ज्यांना तेव्हा बोलावले नव्हते, त्यांच्याशी आधी बोला.